अक्कासाठी दोन खण

१२ डिसेंबर १९७०, नेवासा

किल्ली फिरेना. शेजारच्या किराणा दुकानदारानं कुलपात गोडेतेल ओतलं, मग उघडलं. आत पाऊल टाकलं तर पारवे उडाले आणि वर बघते तो आभाळ. मागच्या दोन खणांचं माळवद कधीच खाली बसलेलं. मातीच्या ढिगावर एरंड पुरुषभर वाढलाय.

सात खणांचं घर. दोन तुळयांमधली जागा म्हणजे एक खण, हे मला जुन्या मालकांच्या, तांबटांच्या मुलानं खरेदीच्या दिवशी सांगितलं. ते लोक पुण्याला गेल्याला बारा वर्षं झाली. तेव्हापासून बंद.

दवाखान्यात सगळ्यांना हसू. कंपाउंडर म्हणाले, "सिस्टर, घर घेतलंत का ढिगारा?" म्हटलं, ढिगाराच. पण माझा.

वय एक्केचाळीस. त्यातली एकोणीस वर्षं सरकारी क्वार्टरमध्ये. खिळा ठोकायचा तरी विचारायचं. आज दाराशेजारी मुद्दाम एक खिळा ठोकला. माती ढासळली, खिळा पडला. तरी बरं वाटलं.

दादाला अजून कळवलं नाही. अक्काला कळवावं तर तिचं पत्र आधी दादाच फोडतो.

२० डिसेंबर

शामुवेल गवंडी आले. त्यांच्या दोन्ही मुली माझ्या हातच्या. धाकटी पायाळू, फार त्रास झाला होता. ते विसरलेले नाहीत.

हातोडीनं एकेक भिंत वाजवत गेले. कान लावून ऐकायचे, पुढं सरकायचे. दीड तास हेच. मग उंबऱ्यावर बसून म्हणाले, "बाई, घर वरनं मेलंय, खालनं जित्तं हाय. भित्ती पाडू नका."

मी विचारलं, किती दिवस लागतील?

"कुनाच्या हिशेबानं? माज्या हाताच्या का तुमच्या पगाराच्या?"

खरं आहे. ठरलं असं की दरसाल जमेल तेवढं. उन्हाळ्यात वरचं काम, पावसाळ्यात आतलं. पडलेले दोन खण सगळ्यांत शेवटी.

ते म्हणाले, "तुमी एकल्या. आधी रस्त्याकडचे दोन खण करून घ्या, ऱ्हायला लागा."

म्हटलं, नाही. आधी आतले दोन. स्वयंपाकघर आणि त्याला लागून असलेली खोली. ते अक्कासाठी.

हे मी आजवर कुणापाशी बोलले नव्हते. त्यांनी कोण अक्का म्हणून विचारलं नाही. पायात चप्पल घातली, आणि सोमवारपासून येतो म्हणाले.

१७ जानेवारी १९७१, श्रीरामपूर

रविवार. सकाळच्या एस.टी.नं आले. दादाला सांगून टाकलं. तो अडत दुकानात दिवाणजी, सगळं तोलूनमापून बोलतो. आधी चष्मा पुसला. मग, "बाईमाणसानं एकटीनं घर? रिटायर झाल्यावर इथंच यायचं होतं ना तुला?" वहिनी म्हणाली, "एवढं मोठं घर घेऊन करणार काय, वन्सं?"

अक्का पोळ्या लाटत होती. मान वर केली नाही.

ती माझ्याहून सात वर्षांनी मोठी. चौदाव्या वर्षी लग्न, सतराव्या वर्षी माहेरी परत. तेव्हापासून याच घरातली चूल. आईचं सहा वर्षांचं दुखणं तिनं एकटीनं काढलं म्हणून मला नर्सिंगला नगरला जाता आलं. हे कुणी कधी बोलत नाही. मीही नाही.

दुपारी मागच्या दारी भांडी घासताना तिनं हळूच विचारलं, "मालू, स्वयंपाकघराला खिडकी आहे का गं?"

दादाच्या स्वयंपाकघराला खिडकी नाही. धुरानं तिचे डोळे कायम लाल. मी म्हटलं, आहे. चांगली मोठी, पूर्वेला.

नाही. एकही नाही. परतीच्या एस.टी.त बसल्यापासून तेच डोक्यात.

१९ जानेवारी

शामुवेलभाऊंना खरं काय ते सांगितलं. बहिणीशी खोटं बोललेय, आता खिडकी पाडा.

त्यांनी डोकं खाजवलं. "अडीच हाताची भित्त हाय बाई. तिला भोक पाडायचं म्हंजे बसलेल्या मानसाच्या बुडाखालचं जोतं काढन्यासारकं." मग भिंतीवर हात फिरवत, "बघू. पूर्वेलाच पायजे का?"

पूर्वेलाच.

६ मार्च

अकरा दिवस एका खिडकीला. वरचं वजन लाकडी धिऱ्यांवर तोललं, मग दगड एकेक करून काढला. प्रत्येकावर खडूनं आकडा. काढलेलेच दगड कडेला परत बसवले, त्यामुळे खिडकी नवी वाटतच नाही. त्यांच्या बायकोनं, सालोमीनं, चुना मळून दिला. पाचव्या दिवशी भिंतीतून हाताएवढा उजेड आला तेव्हा मी ड्यूटीवरून युनिफॉर्मवरच तिथं उभी. तिघं बघत राहिलो.

देवा, माझं खोटं या माणसानं खरं करून दिलं.

२ मे

माळवद उतरवलं. तुळया बघितल्या. एकीला वाळवीनं आतून पोखरलेलं, बोट घातलं तर भुगा. बाकी तीन सागवानी, ठणठणीत. शामुवेलभाऊंनी त्यांना तेल पाजलं, आपल्या बैलाला पाजावं तसं.

वरची जुनी पांढरी माती टाकून द्यायची नाही म्हणतात. चाळून, भिजवून तीच परत. "ही माती शंभर पावसाळे खाऊन बसलीय. नव्या मातीला शिकवायला टाईम लागतो."

माझे हात दुखताहेत. रविवारी मीही पाट्या उचलल्या. गल्लीतल्या बायका दारात उभ्या राहून बघत होत्या. चौथ्या पाटीला समोरच्या काकू पदर खोचून आल्या. कारण काही सांगितलं नाही. असतील त्यांच्या सुनेच्या बाळंतपणाचे दिवस लक्षात.

२२ जून

बदली. जामखेड. आठ दिवसांत हजर व्हायचं.

डॉक्टरसाहेबांकडे गेले. त्यांच्या हातात काही नाही. परत येताना घराकडे गेले आणि स्वयंपाकघरात बसून खूप रडले. वरचं माळवद परवाच पुरं झालेलं. ओलसर मातीचा वास.

शामुवेलभाऊ बाहेर थापी धूत होते. ऐकलं असणार. आत आले नाहीत. बाहेरूनच म्हणाले, "तुमी जावा बाई. घर कुटं पळून जातंय व्हय?"

२८ जून

किल्ली त्यांच्याकडे दिली. कंपाउंडर म्हणाले, गवंड्याच्या हाती घर सोडून चाललात? दादाचं पत्र: "विकून टाक. अजून फार गुंतली नाहीस."

गुंतले आहे, दादा.

५ सप्टेंबर १९७१, जामखेड

इथं उघडं माळरान, वारा. क्वार्टरची एक खोली, मोरी बाहेर. गेले दोन महिने जीव रमत नव्हता. आज पोस्टकार्ड. शामुवेलभाऊ मिशनच्या शाळेत चौथीपर्यंत शिकलेले, अक्षर माझ्याहून बरं. उतरवून ठेवते.

"बाईस शामुवेल गवंडीचा सलाम. कळविण्यास आनंद होतो की मोठा पाऊस तीन दिवस झाला. मी दोन वेळा जाऊन पाहिले. आतल्या दोन खणांत थेंब नाही. पन्हाळीचे पाणी नीट पडते. मागल्या पडक्या खणांत बेडूक आहेत. त्यांना राहू दिले आहे. तब्येतीस जपावे."

तीनदा वाचलं. थेंब नाही.

२१ ऑक्टोबर

दिवाळीला श्रीरामपूर. भाऊबीज. दादाला ओवाळलं, त्यानं साडी दिली, नेहमीप्रमाणे मऊ बोलला. तो वाईट नाही. त्याला वाटतं अक्काचं सगळं ठीक चाललंय, कारण ती कधी काही म्हणत नाही.

निघायच्या आधी अक्काला विचारलंच. "येशील माझ्याकडे राहायला? घर झालं की."

ती कढीपत्ता निवडत होती. एकेक पान. "दादाकडचं कोण बघणार?"

"वहिनी आहे की."

तिनं रिकामा देठ बाजूला टाकला. मग म्हणाली, "मला कुठं कधी कुणी विचारलंय काही, मालू. उत्तर कसं द्यायचं तेच ठाऊक नाही."

एस.टी. सुटायची होती. मी निघाले.

१३ फेब्रुवारी १९७२, नेवासा

चार दिवसांची रजा मंजूर. अंगणातला आड उपसायला घेतला. तांबटांनी जाताना बुजवला होता. वरून दगडविटा, खाली गाळ. शामुवेलभाऊ आणि आणखी दोघं आळीपाळीनं उतरतात. काल एक तांब्याचा गडवा निघाला, चेपलेला. आज संध्याकाळी चारच्या सुमारास भाऊ आतून ओरडले, "बाई, पाय भिजले."

चव घेतली. गोड आहे.

घर पुरं व्हायच्या आधी आड कशाला, असं मलाच वाटत होतं. पण ते हटून बसले. "पानी घरात असलं की काम सोपं. चुन्याला, मातीला, पोटाला."

१० सप्टेंबर, जामखेड

पावसानं यंदाही तोंड दाखवलं नाही. मागच्या साली तो एकदाच पडला, तोही थोडा. आता हा सगळा भाग भाजून निघाल्यासारखा. सकाळपासून दवाखान्यापुढे रांग. पोरांची पोटं पुढे आलेली, पाय काटकुळे. मी त्यांना सुकडी, सरकारी पौष्टिक पीठ, वाटते. रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरीनं पोट दुखतं म्हणून बायका येतात, त्यांना काय सांगू?

शामुवेलभाऊंना लिहिलं, काम थांबवा. चुना भिजवायला पाणी घालवायचं नाही.

१५ ऑक्टोबर

पोस्टकार्ड. काम नसल्यामुळे भाऊ आणि सालोमी दोघंही रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जातात. मुली आजीकडे. गवंडी माणूस. त्यांचा हात भिंतीवरून फिरताना मी पाहिलाय. त्या हातांनी खडी.

खाली बारीक अक्षरात:

"नळाला पाणी नाही. गल्लीच्या दोन विहिरी आटल्या. आपल्या आडाला कमरेइतके आहे. लोक येतात. मी देतो. पण दोघा-तिघांचे म्हणणे की आमच्या वस्तीतल्या बायांनी आपली घागर आडात सोडू नये. मी काय करावे ते कळवावे. आड तुमचा आहे."

हे लिहायला त्यांना किती वेळ लागला असेल.

उलट टपाली उत्तर टाकलं. किल्ली तुमच्याकडे आहे. जो घागर घेऊन येईल त्याला पाणी, ज्याच्या-त्याच्या हातानं. ज्याला चालत नसेल त्यानं येऊ नये. हे पत्र लागेल त्याला वाचून दाखवा.

८ नोव्हेंबर, श्रीरामपूर

आडाचं दादाच्या कानावर गेलं. नेवाशाचा कुणी व्यापारी दुकानात आला होता. "लोक बोलतात मालू. आपल्या घराण्याचं नाव आहे."

मी म्हटलं, दादा, मी रोज बाळं बाहेर काढते. कुठल्या वस्तीचं आहे ते बघून नाळ कापत नाही.

तो उठून गेला. वाईट वाटलं. असं तोडून बोलायला नको होतं.

अक्का पाणी घेऊन आली. पेला माझ्या हातात देताना तिची बोटं माझ्या बोटांवर जरा थांबली. एवढंच.

२१ जानेवारी १९७३, नेवासा

एका दिवसाकरता आले. दारात रांग. समोरच्या काकू मधे उभ्या राहून बघताहेत, घरटी दोन घागरी. ख्रिस्ती वस्तीतल्या बाया, मराठा आळीतल्या, एकाच दोरानं पाणी काढताहेत. कोण भांडलं, कोण समजलं, मला कुणी सांगितलं नाही. ज्या दोघा-तिघांचं म्हणणं होतं त्यांच्यातल्या एकाची बायको रांगेत होती. माझ्याकडे बघून मान खाली घातली. मीही घातली.

सालोमीचे हात बघितले. तळव्यांना चिरा, एका बोटाचं नख गेलेलं. आडाच्या काठावर बसवून धुतले, मलम, पट्टी. ती हसत होती. "बाई, तुमी कवाबी माजंच काईतरी करता."

आणि तू? माझ्या डोक्यावरचं छप्पर तुझ्या पाट्यांनी चढलंय, सालोमी.

३० जुलै, जामखेड

यंदा पाऊस बरा आहे. दवाखान्याच्या मागं ओढा वाहतोय. बायका खुरपायला निघाल्या. सुकडीची पोती संपली आणि कुणी विचारायलाही आलं नाही, याचा इतका आनंद.

कार्ड: "काम सुरू करतो. पुढले तीन खण दसऱ्यापर्यंत धरले आहेत."

२९ ऑक्टोबर, श्रीरामपूर

दादाच्या मुलाचं मेमध्ये लग्न झालं. सून चांगली आहे, बोलकी, स्वयंपाकाला पुढं होते. अक्काचा माजघरातला कोपरा नव्या जोडप्याच्या कपाटाला गेला. आता ती सामानाच्या खोलीत झोपते. डाळीचे डबे, गव्हाची पोती, मधे तिची सतरंजी. मी बघत राहिले तर म्हणाली, "थंडीत ऊब असते गं इथं."

मग विचारलं, "तिथली चूल कोण घालतंय?"

म्हटलं, सालोमी. गवंड्याची बायको.

वहिनी हसली. "म्हणजे अक्कांना तिथं पाणीसुद्धा चालायचं नाही."

अक्कानं डब्याचं झाकण घट्ट लावलं. तिचं सोवळं कडक आहे. तेवढंच एक तिचं स्वतःचं होतं इतकी वर्षं, त्यावर मी कशी बोलू? पण परतीचा सबंध रस्ता जड गेला. तीन वर्षं दोन खण तिच्यासाठी म्हणून केले, आणि हा साधा प्रश्न माझ्या मनात आला नाही.

चूल मोडून दुसऱ्या कुणाकडून घालून घ्यावी? नाही. ते माझ्याच्यानं व्हायचं नाही.

११ जानेवारी १९७४, जामखेड

नेवाशाला बदली मंजूर. अर्ज कधी केला होता तेही विसरले होते. इथल्या आया निरोपाला भाकरी, ठेचा बांधून घेऊन आल्या. अडीच वर्षांपूर्वी मी या गावाकडे तोंड वाकडं करून आले होते. लाज वाटली.

३ फेब्रुवारी, नेवासा

राहायला आले. एक ट्रंक, एक खाट, स्टोव्ह.

पाच खण उभे आहेत. भिंतींना चुन्याचा हात. कोनाडे होते तसेच ठेवलेत, कडा फक्त गोल केल्यात. उंबरा जुनाच, मधे झिजलेला. शामुवेलभाऊंना तो बदलायचा नव्हता. "तांबटांच्या पायांनी झिजलाय. आता तुमच्या झिजू द्या."

सकाळी खिडकीतून ऊन चुलीपाशी येतं, मग हळूहळू भिंतीवर चढतं. चहा करून तिथंच बसले. ड्यूटीला उशीर झाला. आयुष्यात पहिल्यांदा.

किती जणांचे हात आहेत या घरात. मोजायला गेले आणि सोडून दिलं.

२४ मार्च

पाडवा. माझ्या दारात माझी गुढी. काठी शामुवेलभाऊंनी तासून दिली. साखरेची गाठी सालोमीच्या धाकटीनं खाल्ली, ती पायाळू. सात वर्षांची झाली.

अक्काला बोलावलंय. दादाला सरळ पत्र घातलं: चार दिवस पाठव. उत्तर नाही.

१४ एप्रिल

रविवार. दुपारी दीडला दार वाजलं. अक्का. एकटी.

बावन्न वर्षांची. जन्मात कधी एकटी एस.टी.त बसली नव्हती. दादाला दुकानातून निघता येईना, भाचा ऐन वेळी नाही म्हणाला, तर हिनं पिशवी उचलली. कंडक्टरला तीनदा विचारलं म्हणे, नेवासा आलं का. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "आजी, मीच उतरवतो तुम्हाला." स्टँडवरून विचारत विचारत आली. "नर्सबाईंचं घर म्हटलं की सगळेच हात दाखवतात गं."

घामानं निथळत होती आणि तोंडावर काहीतरी होतं, मला कळेना काय. मग लक्षात आलं. खूश होती.

घर बघितलं. खोलीखोलीतून, भिंतीला हात लावत. स्वयंपाकघरात खिडकीशी बराच वेळ. पाठमोरी. मी बाहेर निघून आले.

१५ एप्रिल

ज्याची भीती होती ते आज. सालोमी ताक घेऊन आली, दाराबाहेरच थांबली. अक्का चुलीपाशी.

"ही तुम्ही घातलीत?"

"व्हय, आक्का."

अक्कानं चुलीच्या काठावरून हात फिरवला.

"चांगली झालीय. धूर धरत नाही. पण जरा उंच हवी होती. माझे गुडघे वाकत नाहीत आता."

सालोमी म्हणाली, "मंग उंच करू की. माती भिजवून ठेवते. सकाळच्याला येते."

१६ एप्रिल

ड्यूटीवरून आले तर दोघी कोपरापर्यंत मातीत. जुनी चूल न मोडता खाली ओटा धरलाय, वीतभर उंच. अक्का सांगतेय, सालोमी थापतेय, मधेच अक्काच थापतेय. खडी फोडल्यापासून सालोमीची बोटं नीट वळत नाहीत, अक्कानं तिच्या हातातला गोळा घेतला.

मग अक्कानं हात धुतले, चहा केला, तीन कप. तिघी आडाच्या काठावर बसून प्यायलो. कप विसळून तिनं तिन्ही एकाच फळीवर पालथे घातले.

आपणहून एवढं म्हणाली, "पोटासाठी कुणी किती सोसलंय ते बायकांना हातांवरून कळतं."

१८ एप्रिल

चार दिवस झाले. परत जायचं नाव तिनं काढलं नाही. मीही नाही.

२३ एप्रिल

दादाचं बंद पाकीट. अक्काच्या नावानं. तिच्या नावानं आलेलं आणि तिनंच पहिल्यांदा फोडलेलं पत्र. "कैऱ्या आल्या आहेत. लोणचं राहिलं आहे. केव्हा येणार?"

तिनं ते वाचलं, घडी केली, कोनाड्यात ठेवलं. दुपारी शामुवेलभाऊ आले होते. त्यांना विचारत होती, मागचे पडके दोन खण यंदा पावसाळ्याआधी होतील का?

भाऊ म्हणाले, "व्हतील की. पर तुळया न्हाईत अजून."

"तुळया कुठं मिळतात?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी आडाकडे बघितलं.

२८ एप्रिल

आज दादा येतोय, अकराच्या एस.टी.नं. काल निरोप आला. न्यायलाच येतोय.

माझी नेमकी ड्यूटी. रविवार असून बदलून मिळाली नाही, एक बाई अडलेली आहे. सकाळपासून मनात वाक्यं जुळवत होते. दादा, ती दमलीये. दादा, तिचे डोळे बघ, पंधरा दिवसांत लाली गेलीय. दादा, आजवर तू सांभाळलंस, खरंच सांभाळलंस, पण. प्रत्येक वाक्य 'पण'पाशी अडायचं. तो दुखावला जाईल आणि मला ते नकोय. त्याच्याही डोक्यावर बहिणीची जबाबदारी सतराव्या-अठराव्या वर्षापासून. त्याला कुणी विचारलं होतं?

अक्का भात टाकत होती. म्हटलं, अक्का, मी एकपर्यंत येते. तोवर त्याला बसवून ठेव. मी बोलेन त्याच्याशी.

तिनं तांदळातला एक खडा काढून खिडकीबाहेर टाकला.

"नको," म्हणाली. "तू मधे पडू नकोस, मालू. दादाशी मी बोलते."

काय बोलणार, विचारलं नाही. चपला घातल्या.